उडत्या विमानाच्या कॉकपिटमध्ये धूर: पहिल्या वासापासून धावपट्टीपर्यंत

प्रवासी विमान हवेत असताना कॉकपिटमध्ये धूर दिसू लागला किंवा उग्र वास येऊ लागला, तर वैमानिकांनी कोणत्या क्रमाने काय करावे आणि तो क्रम तसाच का ठरला, याची मांडणी या लेखात केली आहे. व्यावसायिक परवान्यासाठी शिकणारे विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले को-पायलट आणि केबिन क्रू हे वाचक प्रामुख्याने डोळ्यांसमोर आहेत. प्रत्येक प्रकारच्या विमानाची स्वतःची आणीबाणीची चेकलिस्ट असते. वैमानिक तिला क्यूआरएच म्हणतात आणि प्रत्यक्ष प्रसंगी तिचाच शब्द अखेरचा असतो. हा लेख तिला पर्याय नाही. ती हातात घेण्याआधी काय झालेले असावे आणि ती वाचत असताना वेळ नेमका कुठे निसटतो, हे समजावे एवढाच त्याचा उद्देश आहे.

माझे म्हणणे मुळात एकच आहे. धुराचा उगम शोधणे आणि जवळच्या धावपट्टीकडे निघणे ही दोन कामे एकामागून एक करायची नसून एकाच वेळी सुरू करायची आहेत. उगम सापडला आणि बंद झाला, तर वळवलेले विमान पुन्हा मार्गावर आणता येते. न सापडलेली आग मात्र आपल्या शोधासाठी थांबत नाही. कॅनडाच्या परिवहन सुरक्षा मंडळाने १९६७ ते १९९८ या काळातील हवेत लागलेल्या आगींच्या १५ घटना तपासल्या, तेव्हा पहिली चाहूल लागल्यापासून विमान उतरेपर्यंत किंवा कोसळेपर्यंतचा अवधी ५ ते ३५ मिनिटांचा असल्याचे आढळले. पुढचे सगळे विवेचन या आकड्याच्या चौकटीत वाचावे.

धूर येतो कुठून

कॉकपिटमधल्या धुराचे उगम ढोबळमानाने तीन ठिकाणी असतात: वातानुकूलनाच्या हवेत, विजेच्या उपकरणांत व तारांत, आणि माणसांनी बरोबर आणलेल्या वस्तूंत.

बहुतेक जेट विमानांत आत खेळणारी हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढून घेतलेली असते. तिला ब्लीड हवा म्हणतात. ती पॅक नावाच्या यंत्रणेत थंड होऊन आत येते आणि केबिनमधल्या फिरत्या हवेत मिसळते. इंजिनातले एखादे सील गळू लागले, तर गरम तेलाची वाफ याच वाटेने थेट माणसांपर्यंत पोहोचते. त्या वासाचे वर्णन वैमानिक बहुधा घामट, न धुतलेल्या मोज्यांचा वास असे करतात. फिरत्या हवेच्या वाटेवर बसवलेले हेपा फिल्टर सूक्ष्म कण अडवतात, वायू अडवत नाहीत. त्यामुळे फिल्टर आहे म्हणून वाफा विरून जातील, हा भरवसा ठेवू नये. बोइंग ७८७ मध्ये केबिनची हवा इंजिनातून न घेता विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून घेतली जाते, त्यामुळे तेलाच्या वाफेची ही वाट तिथे नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये गोव्याहून हैदराबादला निघालेल्या क्यू-४०० प्रकारच्या विमानात उतरण्यापूर्वी कॉकपिट आणि केबिन धुराने भरले होते. विमान हैदराबादला सुखरूप उतरले. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीच्या सर्व क्यू-४०० विमानांच्या इंजिन तेलाचे नमुने नियमितपणे तपासणीस पाठवण्याचा आदेश दिला. बोइंग ७३७ मॅक्सच्या बाबतीत, २०२३ मध्ये पक्षी आदळल्यामुळे इंजिनाची हानी होऊन तेल ब्लीड हवेत शिरल्याच्या दोन घटना घडल्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने जून २०२५ मध्ये त्याविषयी तातडीच्या शिफारशी केल्या. या विमानात डाव्या इंजिनाची हवा कॉकपिटला आणि उजव्याची प्रवाशांच्या केबिनला जाते. म्हणून हानी डाव्या इंजिनाची असेल तर धूर वैमानिकांकडे येतो, आणि उजव्याची असेल तर प्रवाशांकडे. आपल्या विमानात कोणते इंजिन किंवा कोणता पॅक कॉकपिटला हवा पुरवतो, हे वैमानिकाला पुस्तक न उघडता सांगता आले पाहिजे.

विजेचा धूर वेगळा असतो. तापलेल्या इन्सुलेशनचा वास झोंबरा असतो, कधी कधी मासळीसारखाही येतो, आणि तो हवेच्या झडपेतून न येता पॅनेलच्या फटीतून, डोक्यावरच्या भागातून किंवा सर्किट ब्रेकरच्या फळीमागून येतो. तिसरा प्रकार म्हणजे टॅब्लेट, पॉवर बँक, मोबाइल, गॅलीतला (विमानातल्या स्वयंपाकघरातला) ओव्हन, शौचालयातली कचराकुंडी.

वासावरून उगमाचा अंदाज बांधणे उपयोगी असले, तरी त्या अंदाजावर निर्णय टांगून ठेवू नये. नाक थोड्याच वेळात वासाला सरावते आणि वास कमी झाल्यासारखा वाटतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

पहिले मिनिट: मास्क

वास ओळखण्याच्या आधी मास्क लावावा. कॉकपिटमधला ऑक्सिजन मास्क एका हाताने पाच सेकंदांत लावता यावा, असा नियमच आहे, आणि तो नियम याच क्षणासाठी आहे. दोन्ही वैमानिकांनी तो एकाच वेळी लावावा. एकाने लावून दुसऱ्याने "थांब, जरा बघू" म्हणणे धोक्याचे आहे, कारण वाफांनी डोके जड झालेल्या माणसाला आपली विचारशक्ती मंदावली आहे हे स्वतःला कळत नाही.

मास्क लावताच त्याचा रेग्युलेटर (ऑक्सिजनचे प्रमाण ठरवणारी कळ) १०० टक्क्यांवर न्यावा. नेहमीच्या स्थितीत तो ऑक्सिजनमध्ये कॉकपिटची हवा मिसळतो, म्हणजे धूरही मिसळतो. आणीबाणीच्या स्थितीवर नेल्यास मास्कच्या आत किंचित जास्त दाब तयार होतो आणि कडेने धूर शिरत नाही. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कमध्ये आत आलेला धूर बाहेर काढण्यासाठीही हाच उपाय आहे. धूररोधक चष्मा वेगळा असेल तर तो मास्कच्या वरून घट्ट बसवून त्याची झडप उघडावी.

यानंतरची गोष्ट लहान दिसते, पण सिम्युलेटरमध्ये सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. मास्क लावल्यावर आवाज मास्कमधल्या मायक्रोफोनमधून जातो आणि त्यासाठी ऑडिओ पॅनेलवरची निवड बदलावी लागते किंवा बदललेली आहे याची खात्री करावी लागते. दोघांनी इंटरकॉमवर एकमेकांना हाक मारून उत्तर ऐकावे आणि मगच पुढे जावे. श्वासाच्या आवाजामुळे बोलणे तुटक ऐकू येते, म्हणून वाक्ये आखूड ठेवावीत आणि श्वास सोडून झाल्यावर बोलावे.

एकाने विमान उडवायचे, दुसऱ्याने चेकलिस्ट आणि रेडिओ सांभाळायचा, ही वाटणी मोठ्याने बोलून ठरवावी. ऑटोपायलट चालू असेल तर तो चालूच ठेवावा. धूर गेला का हे पाहण्यासाठी मास्क काढून वास घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मास्कआडचे नाक ताजे असले तरी बाहेरची हवा कशी आहे हे एका श्वासात कळत नाही, आणि तो श्वास महागात पडू शकतो.

विमान वळवणे

या टप्प्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळे बरोबर करूनही इथे हरलेले डाव विमान वाहतुकीच्या इतिहासात आहेत.

२ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअरचे उड्डाण १११ कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ ३३,००० फुटांवर होते. स्थानिक वेळेनुसार रात्री १० वाजून १० मिनिटांनी वैमानिकांना कॉकपिटमध्ये वेगळा वास आला. धूर थोडा होता आणि तो वातानुकूलनातून येत असावा, असा त्यांचा समज झाला. चार मिनिटांनी त्यांनी पॅन-पॅन संदेश दिला, म्हणजे परिस्थिती गंभीर आहे पण जिवावरची नाही असा दर्जा दिला, आणि सोयीचे ठिकाण म्हणून बोस्टन मागितले, जे कितीतरी दूर होते. नियंत्रकाने ६६ सागरी मैलांवरचे हॅलिफॅक्स सुचवले आणि ते त्यांनी स्वीकारले. परंतु विमान उंच होते आणि जड होते. उंची कमी करण्यासाठी व इंधन टाकण्यासाठी त्यांनी समुद्राकडे वळण घेतले. दरम्यान चेकलिस्टप्रमाणे केबिनचा वीजपुरवठा बंद केल्यावर हवा फिरवणारे पंखे थांबले आणि छतामागची आग कॉकपिटच्या दिशेने ओढली जाण्यास अनुकूल स्थिती तयार झाली. त्यानंतर मिनिटाभरात ऑटोपायलट गेला, वैमानिकांनी आणीबाणी जाहीर केली, आणि १० वाजून २५ मिनिटांनी उड्डाणाची नोंद ठेवणारे रेकॉर्डर बंद पडले. १० वाजून ३१ मिनिटांनी विमान समुद्रात कोसळले. विमानातील २२९ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

तपासात छतामागच्या तारांमध्ये ठिणगी पडल्याचे आणि मेटलाइज्ड मायलरचे (धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे) आवरण असलेल्या इन्सुलेशन चादरींनी पेट घेतल्याचे दिसले. त्या काळच्या धूरविषयक चेकलिस्टा पूर्ण करायलाच २० ते ३० मिनिटे लागली असती. तपास मंडळाने हेही नोंदवले, की पहिल्या चाहुलीनंतर वैमानिक लगेच शक्य तितक्या वेगाने खाली निघाले असते तरीही आग ज्या गतीने पसरली ते पाहता सुखरूप उतरणे शक्य झाले नसते. त्यामुळे या दुर्घटनेचा दोष वैमानिकांवर टाकणे अन्यायाचे आहे. तिच्यातून बदलायचे होते ते साहित्य, तारा आणि चेकलिस्टांची रचना. २००५ मध्ये फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या पुढाकाराने उद्योगाने धूर, आग व वाफांसाठी चेकलिस्टचा एक समान नमुना तयार केला आणि मार्ग वळवावा लागू शकतो ही सूचना त्यात अगदी सुरुवातीला आली. चेकलिस्टमधली ती पहिली ओळ २२९ माणसांच्या मृत्यूनंतर तिथे आली आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

आता हिशेब पाहू. समजा, मुंबईहून भुवनेश्वरला जाणारे विमान ३५,००० फुटांवर आहे, नागपूर ७० सागरी मैल मागे पडले आहे आणि धूर दिसतो. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर लांब आहे, म्हणजे भरलेल्या एअरबस ए-३२० साठी पुरेशी. नेहमीच्या उतरण्यात हजार फुटांना तीन मैल हे सूत्र लावले, तर ३४,००० फूट गमावायला १०० हून अधिक मैल लागतात. ७० मैलांत ते बसत नाही. म्हणून स्पीड ब्रेक (पंखांवरच्या, हवेला अडवणाऱ्या फळ्या) उघडून कमाल वेगाजवळ उतरावे लागते. मिनिटाला सुमारे ५,००० फूट दराने १०,००० फुटांवर यायला पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ३५ मैलांच्या आसपास अंतर कापले जाते. उरलेले अंतर वेग कमी करत सात-आठ मिनिटांत संपते. वळण्याची दीड-दोन मिनिटे धरली तरी पंधरा मिनिटांच्या आसपास चाके जमिनीला लागतात.

हेच वैमानिक पाच मिनिटे उगम शोधत पूर्वेकडे उडत राहिले, तर मिनिटाला साडेसात मैल या वेगाने ते आणखी ३७ मैल दूर जातात. ती पाच मिनिटे गेलीच, शिवाय तेवढेच अंतर परत कापायला आणखी पाच मिनिटे लागतात. पाच मिनिटांचा उशीर दहा मिनिटांना पडतो आणि पंधराचा हिशेब पंचवीसवर जातो.

म्हणून उड्डाणाच्या कोणत्याही क्षणी जवळची वापरता येणारी धावपट्टी कोणती, तिचे अंतर किती आणि तिथले हवामान कसे, हे उत्तर तयार असावे. कंपनीचे कर्मचारी, हॉटेल, अभियंते कुठे आहेत हा विचार या यादीत नाही. वजन जास्त आहे ही अडचणही सहसा अडचण नसते. जास्त वजनाने उतरल्यास विमानाची तपासणी करावी लागते, एवढेच. धूर चालू असताना इंधन टाकण्यात वेळ घालवू नये, असेच माझे मत आहे, आणि आजच्या चेकलिस्टांचा कलही तसाच आहे.

५ सप्टेंबर १९९६ रोजी फेडएक्सचे डीसी-१० प्रकारचे मालवाहू विमान, उड्डाण १४०६, ३३,००० फुटांवर असताना मालाच्या कक्षात धुराची सूचना आली. वैमानिकांनी न्यूयॉर्क राज्यातील स्टुअर्ट विमानतळाकडे विमान नेले आणि सुमारे १८ मिनिटांत ते उतरवले. विमान नंतर जळून गेले. पाचही जण वाचले.

नियंत्रकाला काय सांगावे

उगम अज्ञात असलेल्या धुरासाठी मेडे, म्हणजे जिवाला धोका असल्याचा संदेश, द्यावा, पॅन-पॅन नव्हे. मेडे तीन वेळा, मग उड्डाणाचे हाकनाव (कॉलसाइन), "कॉकपिटमध्ये धूर", कुठे वळत आहोत, किती उंचीपर्यंत खाली येत आहोत. विमानात किती माणसे आहेत, इंधन किती आहे आणि धोकादायक माल आहे का, हे नंतर सवड मिळेल तसे सांगता येते. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, आणीबाणीचा ७७०० हा संकेतांक लावावा. परिस्थिती निवळली तर दर्जा कमी करता येतो, त्याबद्दल कोणी जाब विचारत नाही.

याच वेळी, अजून नीट दिसत आहे तोवर, पुढची तयारी उरकावी. उतरण्याच्या धावपट्टीची आयएलएस (धावपट्टीकडे नेणारे रेडिओ मार्गदर्शन) फ्रिक्वेन्सी, अल्टिमीटरची (उंचीमापकाची) मांडणी, एफएमएसमधला (मार्ग सांभाळणाऱ्या संगणकातला) मार्ग आणि पुढच्या नियंत्रकाची फ्रिक्वेन्सी हे सगळे आधीच भरून ठेवावे. या सल्ल्यामागे ३ सप्टेंबर २०१० ची दुबईतील दुर्घटना आहे.

यूपीएस या मालवाहतूक कंपनीचे उड्डाण ६, बोइंग ७४७-४०० मालवाहू, दुबईहून कोलोनला निघाले होते. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. आगीची सूचना आली तेव्हा बहरीनच्या नियंत्रकाने दोहा १०० मैलांवर असल्याचे सांगितले. कॅप्टनने दुबईला परतण्याचा निर्णय घेतला, जे त्याहून दूर होते. काही मिनिटांत कॉकपिट धुराने भरले. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला, ते पर्यायी ऑक्सिजनसाठी आसन सोडून मागे गेले आणि परत आले नाहीत. एकट्या उरलेल्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे को-पायलटला, समोरची उपकरणेही दिसत नव्हती आणि रेडिओची फ्रिक्वेन्सीही बदलता येत नव्हती. इतर विमानांचे वैमानिक त्याचे संदेश पुढे पोहोचवत होते. सूचना मिळाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत विमान कोसळले आणि दोघेही मृत्युमुखी पडले. त्या धुरात आयएलएसचा आकडा शोधणे शक्य नव्हते. तो आधीच भरलेला असता तर शेवट बदलला असता की नाही हे सांगता येत नाही, पण त्या तरुण वैमानिकाच्या हातात एक साधन जास्त राहिले असते.

चेकलिस्ट वाचताना

मास्क लावला, बोलणे जुळले, विमान वळले. आता क्यूआरएच उघडावा. ए-३२० आणि ७३७ यांच्या चेकलिस्टांतले शब्द वेगळे आहेत, पण सांगाडा सारखा आहे. आधी नुकसान न करणाऱ्या, लगेच उलटवता येणाऱ्या कृती येतात: हवा फिरवणारे पंखे बंद, गॅली आणि केबिनची करमणुकीची वीज बंद, उपकरणांच्या वायुवीजनाची दिशा धूर बाहेर फेकण्याकडे, केबिनशी संपर्क.

त्यानंतरचा प्रश्न निर्णायक आहे: उगम लगेच दिसतो आहे, त्याच्यापर्यंत हात पोहोचतो आहे आणि तो विझवता येतो आहे का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच शोध संपला असे मानावे. पेटलेला टॅब्लेट किंवा धुमसणारा ओव्हन या व्याख्येत बसतो. "बहुधा वातानुकूलनच असेल" हे वाक्य बसत नाही. स्विसएअरच्या वैमानिकांनाही तसेच वाटले होते.

उगम अज्ञात असेल तर चेकलिस्ट एकेक संशयित बंद करत जाते. वातानुकूलनावर संशय असल्यास आधी एपीयूची (शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाची) ब्लीड, मग एक पॅक. फरक पडला नाही तर तो परत चालू करून दुसरा. ए-३२० मध्ये कॉकपिटला हवा मुख्यतः पहिल्या पॅककडून मिळते, म्हणून सुरुवात तिथून होते. इथे घाई नडते. पॅक बंद केल्यावर नळ्यांत साठलेला धूर निघून जायला थोडा अवधी लागतो. तो न देता दोन्ही पॅक एकामागून एक बंद-चालू केले, तर दोष कुणाचा हे कधीच कळत नाही. दुसरी खबरदारी अशी, की कोणते पॅक चालू आहेत याची मोजदाद मोठ्याने ठेवावी. यूपीएसच्या त्या विमानात आगीच्या चेकलिस्टप्रमाणे दोन पॅक बंद झाले होते आणि उरलेला एकही बंद पडला. कॉकपिटमध्ये ताजी हवा येण्याची वाट त्यामुळे संपली.

विजेच्या संशयात काही सर्किट बंद करत जाणे येते आणि टोकाला विमान आणीबाणीच्या वीजपुरवठ्यावर न्यावे लागते. त्यात ऑटोपायलटसह बरेच काही जाते. म्हणून धावपट्टी जवळ असेल तर हा निर्णय कॅप्टनने तोलून घ्यावा. दहा मिनिटांत उतरणार असलेल्या विमानाची अर्धी उपकरणे अंधारात नेणे नेहमीच शहाणपणाचे नसते. उडालेला सर्किट ब्रेकर परत आत दाबू नये.

चेकलिस्ट अर्धी राहिली आणि धावपट्टी समोर आली, तर चेकलिस्ट सोडावी. ती उतरण्यासाठी आहे, उतरणे तिच्यासाठी नाही.

धूर हाच मोठा धोका झाला तर

दोन्ही प्रकारच्या विमानांच्या चेकलिस्टांत एक वाक्य कोणत्याही टप्प्यावर लागू असते: धूर हाच सर्वांत मोठा धोका झाला, तर उगमाचा शोध थांबवून धूर काढण्याच्या चेकलिस्टकडे जा. ए-३२० मध्ये त्यासाठी १०,००० फुटांवर किंवा डोंगराळ भागात सुरक्षित किमान उंचीवर येऊन केबिनचा दाब सोडतात आणि बाहेरची हवा थेट आत घेतात. त्यानेही भागले नाही तर, आतला-बाहेरचा दाब समान झाल्यावर आणि वेग २०० नॉटच्या आत आणून, कॉकपिटची खिडकी उघडण्याची तरतूद आहे. आवाज प्रचंड होतो, म्हणून हेडसेट आधी लावावा लागतो. आग भडकलेली असताना भरपूर हवा आत घेणे तिला खतपाणी घालू शकते, हे ध्यानात ठेवूनच ही पायरी शेवटची ठेवली आहे.

दिसणे कमी झाल्यास कॉकपिटचे सर्व दिवे पूर्ण प्रखर करावेत आणि मुख्य उपकरणाजवळ झुकावे. काही विमानांत हवा भरून फुगणारी पारदर्शक पिशवी ठेवलेली असते. ती वैमानिकाचा चेहरा, उपकरणे आणि समोरची काच यांच्यामध्ये धूरविरहित पोकळी तयार करते. दुबईच्या दुर्घटनेनंतर यूपीएसने आपल्या विमानांत ती बसवली.

पेटलेली बॅटरी

कॉकपिटमधला टॅब्लेट किंवा पॉवर बँक पेटली, तर हॅलोन वायूच्या अग्निशामकाने ज्वाळा विझतात, पण बॅटरीच्या आतली साखळी अभिक्रिया थांबत नाही; एका पेशीची उष्णता शेजारच्या पेशीला पेटवते. म्हणून ज्वाळा विझताच तिच्यावर पाणी किंवा अल्कोहोल नसलेले कोणतेही पेय ओतत राहावे. बर्फ ठेवू नये आणि ब्लँकेटने झाकू नये, कारण दोन्हींमुळे उष्णता आतच कोंडते. हॅलोन फवारताना मास्क लावलेलाच असावा. ते काम शक्यतो केबिन क्रूने आत येऊन करावे, म्हणजे दोन्ही वैमानिक आसनावर राहतात. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात न देता हातातल्या सामानात ठेवण्याचा नियम याचसाठी आहे: केबिनमध्ये पेटली तर कोणाला तरी दिसते आणि तिथपर्यंत हात पोहोचतो.

केबिनच्या बाजूला

केबिन प्रमुखाला चार गोष्टी सांगाव्यात: काय झाले आहे, आपण काय करणार आहोत, किती वेळ आहे, आणि विशेष सूचना काय. उत्तरादाखल त्यांनी त्या परत म्हणून दाखवाव्यात. कॉकपिटचा दरवाजा बंद राहावा.

केबिन क्रूने शौचालयांच्या दारांना आणि छताच्या पॅनेलना तळहाताऐवजी हाताची मागची बाजू लावून उष्णता तपासावी, धूर कुठून येतो आणि कोणत्या रंगाचा आहे हे वैमानिकांना नेमके कळवावे. "थोडा धूर आहे" हे वर्णन पुरेसे नाही. धुरात शिरणाऱ्याने आधी धूररोधक टोप चढवावा. त्यातला पुरवठा साधारण १५ मिनिटांचा असतो. प्रवाशांनी डोके खाली ठेवून ओल्या कापडातून श्वास घ्यावा. छतातून पडणारे पिवळे मास्क धुरासाठी नसतात, ते केबिनच्या हवेत ऑक्सिजन मिसळून देतात. ते सोडले नाहीत म्हणून क्रूवर चिडणाऱ्या प्रवाशांना हे आधीच माहीत असलेले बरे.

उतरल्यानंतरची नव्वद सेकंदे

जमिनीला टेकले म्हणजे सुटलो, असे नाही. १९ ऑगस्ट १९८० रोजी सौदियाचे उड्डाण १६३ धुराने भरलेल्या अवस्थेत रियाधला परत येऊन व्यवस्थित उतरले. परंतु ते धावपट्टीवर तातडीने न थांबता टॅक्सीवेवर (बाजूच्या जोडरस्त्यावर) गेले, थांबल्यावरही इंजिने काही मिनिटे चालू राहिली आणि विमान रिकामे करण्याचे काम सुरूच झाले नाही. विमानातील सर्व ३०१ जण मरण पावले. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाचे उड्डाण ७९७ सिनसिनाटीला उतरले, तेव्हा दारे उघडल्यावर साधारण ६० ते ९० सेकंदांत आत एकदम भडका उडाला. ४६ पैकी २३ जण बाहेर पडू शकले नाहीत. शौचालयांत धूरशोधक बसवणे आणि जमिनीलगत बाहेर जाण्याची वाट दाखवणारे दिवे हे बदल त्यानंतर आले.

तेव्हा अंतिम टप्प्यावरच ठरवून टाकावे: धावपट्टीवर थांबायचे, पार्किंग ब्रेक लावायचा, केबिनचा दाब पूर्ण गेल्याची खात्री करायची, इंजिने बंद करायची आणि धूर टिकून असेल तर लगेच विमान रिकामे करण्याचा आदेश द्यायचा. केबिन प्रमुखाला हे उतरण्यापूर्वी सांगून ठेवावे. टॉवरने "तुमच्याकडे धूर दिसत नाही" असे कळवले तरी आत धूर असेल, तर आतल्याच निरीक्षणावर निर्णय घ्यावा.

नोंद आणि वैद्यकीय तपासणी

तेलाच्या वाफांच्या प्रसंगात अनेकदा धूर दिसत नाही, विमान सुरळीत उतरते आणि सगळे घरी जातात. डोकेदुखी, मळमळ, हातापायांना मुंग्या, लक्ष न लागणे ही लक्षणे असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कार्बन मोनॉक्साइडसाठी रक्ताची तपासणी लवकर झाली तरच उपयोगी ठरते, कारण ताज्या हवेत तो काही तासांत रक्तातून निघून जातो. डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत पुढचे उड्डाण स्वीकारू नये.

तंत्रज्ञांसाठीच्या नोंदीत "वास आला" एवढेच लिहिले तर अभियंत्याला जमिनीवर काहीच सापडत नाही आणि तेच विमान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वैमानिकांना मिळते. वास उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यावर आला, त्या वेळी इंजिनाची शक्ती वाढवली होती की कमी केली होती, एपीयू चालू होता का, कोणता पॅक बंद केल्यावर फरक पडला, आधी कॉकपिटला जाणवला की केबिनला, विमान त्या सकाळी धुतले होते का किंवा बर्फ काढणारा द्रव फवारला होता का, किती वेळ टिकला आणि कोणाला काय त्रास झाला, हे सर्व त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना लिहावे. केबिन क्रूचे निरीक्षण वेगळ्या ओळीत, त्यांच्याच शब्दांत घ्यावे.